सगळेच भिडू

आमच्या गंगाखेडला मे महिन्यात सकाळी ११ वाजता लावलेली दारं संध्याकाळी साडेपाचशिवाय उघडत नाहीत. पारा ४३ अंशांच्या पुढं गेलेला असतो, गोदावरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते, आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून पाठ फिरवावी तोवर वीज जाते. अशा दुपारी मुलांना घरात धरून ठेवायला आमच्याकडे पत्ते होते, कॅरम होता आणि सासूबाईंच्या कवड्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या काखेत एक भलंमोठं चौकोनी खोकं होतं. "आत्या, ह्या पटात आपण कुणीच एकमेकांविरुद्ध खेळत नाही," तो म्हणाला. माझ्या थोरल्यानं लगेच विचारलं, "मग हरवायचं कुणाला?"

प्रश्न बरोबर होता. सारीपाट घ्या, सापशिडी घ्या, ल्युडो किंवा व्यापार घ्या. शेजारी मांडी घालून बसलेल्या माणसालाच हरवायचं असतं. सहकारी पटात सगळे खेळणारे एका बाजूला असतात आणि खेळ स्वतःच दुसऱ्या बाजूला. शत्रूच्या चाली पत्ते, फासे आणि नियम मिळून चालवतात. जिंकले तर सगळे जिंकतात, बुडाले तर सगळे बुडतात.

खोक्यावरचं नाव होतं 'लेजेंड्स ऑफ अँडॉर', म्हणजे अँडॉरच्या दंतकथा. मिखाएल मेंत्सेल या जर्मन चित्रकारानं रचलेला हा खेळ २०१२ मध्ये 'कोसमॉस' या जर्मन प्रकाशनानं काढला. मेंत्सेल त्याआधी दुसऱ्यांच्या खेळांसाठी पट रंगवत असे. हा खेळ त्यानं स्वतः रचला आणि स्वतःच रंगवला. ते पट उलगडल्याबरोबर कळतं. नदी, पूल, जंगल, विहिरी, बुटक्यांची खाण, एका बाजूला राजाचा किल्ला, आणि सगळ्या मुलखावर आकडे घातलेले छोटे छोटे टप्पे. धाकटी पहिला अर्धा तास खेळलीच नाही. पोटावर झोपून नुसतं चित्र बघत होती.

दोन ते चार जणांनी खेळायचं. योद्धा, तिरंदाज, बुटका आणि जादूगार असे चार वीर. प्रत्येक वीराच्या फलकावर पुरुषाचं चित्र, उलटं केलं की बाईचं. धाकटीनं तिरंदाज बाई घेतली, भाच्यानं योद्धा, थोरल्यानं बुटका, आणि उरलेला जादूगार माझ्याकडे आला. प्रत्येक वीराला दिवसाचे ७ तास मिळतात. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला एक तास, लढाईच्या एका फेरीला एक तास. सातच्या पुढंही आणखी तीन तास काम करता येतं, पण त्या प्रत्येक तासाला दोन गुण हिंमत जाते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिवस मावळल्यावरही रान सोडलं नाही की दुसऱ्या दिवशी अंग कसं मोडून येतं, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यांचे तास संपले की सूर्योदय होतो, आणि राक्षस किल्ल्याकडे सरकतात. पटावर बाण काढलेले आहेत, त्या वाटेनंच ते येतात, एकेक टप्पा. वॉर्ड्राक नावाचा प्राणी मात्र एका सकाळी दोनदा हलतो. चौघं खेळत असतील तर किल्ल्यात एकच राक्षस शिरलेला चालतो. दुसरा शिरला की कथा संपली.

आता या खेळातला मला सर्वांत आवडलेला नियम. पटाच्या कडेला 'ए' पासून 'एन' पर्यंत अक्षरांची एक पट्टी आहे, तिच्यावर निवेदकाची सोंगटी चढत जाते. ती 'एन'ला पोचली की कथेचा निकाल लागतो. तोवर नेमून दिलेली कामं झालेली असली पाहिजेत. निवेदक रोज सकाळी एक घर पुढं जातो, आणि राक्षस मारला की त्या प्रत्येक वेळी आणखी एक घर. म्हणजे मारलं की वेळ कमी होतो. थोरल्यानं पहिल्या दिवशी दिसेल त्याला कुऱ्हाड घातली, बक्षिसाचं सोनं गोळा केलं, आणि काम अर्धं राहिलेलं असताना निवेदक शेवटच्या अक्षरावर जाऊन उभा राहिला. "आई, आपण इतके जिंकत होतो, मग हरलो कसे?" असं त्यानं विचारलं. त्या दुपारी तासभर कोणता राक्षस मारायचा, कोणाला नुसतं येऊ द्यायचं आणि कोणाकडं बघायचंही नाही यावरच बोलणं चाललं होतं. राक्षस मारण्याच्या खेळात मारणं महाग करून ठेवणारा माणूस मला फार हुशार वाटतो.

परदेशी नावं मुलांच्या तोंडात तीन दिवसही टिकली नाहीत. सगळ्यांत लहान राक्षसाला अँडॉरमध्ये गोर म्हणतात. आमच्याकडं त्याचं रानडुक्कर झालं. आमच्या भागात रात्री रानडुकरांनी भुईमुगाचं वावर उकरून टाकणं नवं नाही, त्यामुळं ओळीनं किल्ल्याकडं येणाऱ्या गोरांना दुसरं नाव शोभलंच नसतं. आणि पटावर शेतकरीही आहेत. हातात शस्त्र नाही, तास नाहीत, स्वतः हलता येत नाही. कुणा वीरानं त्याच्यापर्यंत जायचं, त्याला सोबत घ्यायचं आणि किल्ल्यात पोचवायचं. पोचला तर किल्ल्याला आणखी एका राक्षसाची झळ सोसता येते. पण तो ज्या टप्प्यावर उभा आहे तिथं राक्षस आला की शेतकऱ्याची चकती पटावरून उचलून बाजूला ठेवायची. बस, एवढंच. धाकटीनं हा नियम ऐकला तेव्हा ती काहीच बोलली नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक डावात ती आधी शेतकरी कुठं आहे ते बघायची.

गुण आणखी आहेत. इथं कुणी बाद होत नाही. लढाईत हिंमत संपली तर वीराची एक गुण ताकद कमी होते, हिंमत पुन्हा तीनवर येते आणि तो खेळत राहतो. सापशिडीत पहिला पोचलेला उठून जातो आणि मागं राहिलेलं लेकरू कंटाळून फासा टाकत बसतं, तसं इथं होत नाही. चौघांचे स्वभावही नियमांतच विणलेले आहेत. तिरंदाजाला शेजारच्या टप्प्यावरून लढता येतं. बुटक्याला खाणीत ताकद निम्म्या किमतीत मिळते. जादूगाराला कायम एकच फासा, पण तो पालथा करता येतो. एकावर सहा लपलेला असतो ना, ते त्याला चालतं. योद्धा विहिरीचं पाणी प्यायला की त्याला इतरांपेक्षा जास्त हिंमत येते. म्हणून विहिरीवर कुणी थांबायचं यावरही आमच्याकडं चर्चा व्हायची. आणि एका टप्प्यावर जमून चौघांनी मिळून राक्षस मारला की सोन्याची वाटणी चौघांनी ठरवायची. खेळ वाटणी करून देत नाही. आमच्या घरात जमिनीच्या वाटणीवरून दोन पिढ्या बोलणं बंद असलेली माणसं आहेत. मुलं चार मोहरा मधे ठेवून "तुला लागते का? मग घे, मला उद्या दे" असं म्हणताना ऐकलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहायची.

नियमांचं पुस्तक आधी वाचावं लागत नाही, हेही मोठं सुख. पहिली कथा पत्त्यांवर छापलेली आहे. एकेक पत्ता उलटायचा आणि खेळता खेळता शिकायचं. पण ते पत्ते इंग्रजीत होते, आणि आमच्या घरात भरभर इंग्रजी वाचणारी मी. भाचा वाचू शकला असता, पण धाकटीला मराठीत सांगायचं तर अडखळायचा. म्हणून पत्ते माझ्याकडं आले. मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि सांगता सांगता पुढं काय करायचं तेही सांगायची. शाळेत २२ वर्षं मराठी शिकवते मी. सांगण्याची सवय जिभेला लागलेली आहे.

तिसऱ्या आठवड्यातली एक रात्र. गच्चीवर सतरंजी टाकली होती, चार्जिंगच्या दिव्याभोवती पट मांडला होता. दुसरी कथा चालू होती. राजा आजारी आहे. औषधी वनस्पती शोधून किल्ल्यात आणायची, बुरुजावर ठाण मांडून बसलेल्या स्क्राल नावाच्या राक्षसाला मारायचं, आणि हे होईतो किल्ला राखायचा. ती कथा आम्ही चारदा हरलो होतो. त्या रात्री माझं गणित बसलं होतं. कोण कुठं, किती तासांत, कुणी कोणता फासा टाकायचा, सगळं मला दिसत होतं. धाकटीची तिरंदाज शेतकऱ्यापासून दोन टप्प्यांवर होती. "आई, मी त्याला घेऊन येते," ती म्हणाली. मी म्हटलं, "दोन तास जातील, बुरुजाशी पोचणार नाहीस." "पण सकाळी तिथं रानडुक्कर येईल ना." मी म्हटलं, "येऊ दे." आणि तिची सोंगटी मी माझ्या हातानं उचलून बुरुजाकडं ठेवली.

सकाळ झाली, बाणाच्या वाटेनं गोर आला, थोरल्यानं शेतकऱ्याची चकती उचलून खोक्यात टाकली. दोन घरं शिल्लक असताना आम्ही जिंकलो. भाच्यानं टाळ्या वाजवल्या. धाकटीनं तिची तिरंदाज खोक्यात तिच्या खाचेत नीट ठेवली आणि ती खाली आजीजवळ झोपायला गेली.

सासूबाई इतके दिवस बाजूला बसून वाती वळत हा खेळ बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहा घेताना म्हणाल्या, "तू एकटीच खेळायलीस गं. लेकरं नुसती बाहुल्या सरकवायलेत." मग थोड्या वेळानं, "जात्यावर दोघी बसल्या तर अर्धा फेरा एकीनं ओढायचा, अर्धा दुसरीनं. एकीनंच ओढलं तर दुसरीचा हात नुसता फिरतोय खुंट्याबरोबर." संत जनाबाईंच्या गावच्या बाईला जात्याचा दाखला द्यायला लांब जावं लागत नाही. मला तो दिवसभर टोचत राहिला.

हा दोष एकट्या अँडॉरचा नाही. बऱ्याच सहकारी पटांना जडलेलं हे दुखणं आहे. राइनर क्नित्सिया या गणितातल्या डॉक्टरेटवाल्या रचनाकारानं २००० मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा सहकारी पट केला. मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक' २००८ मध्ये आला, त्यात साथीचे रोग जगभर पसरतात आणि खेळणारे मिळून ते थोपवतात. या पटांनी सहकारी खेळ घराघरांत नेले, आणि त्यांच्याबरोबर हे दुखणंही गेलं. सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते, बोलायला बंदी नसते, म्हणून ज्याला गणित आधी सुचतं किंवा ज्याचा आवाज मोठा, तो चौघांचा खेळ एकटा खेळतो. उरलेले तिघं त्याचे हात होतात. आमच्याकडच्या एकत्र कुटुंबात हे दुखणं लवकर बळावतं असं मला वाटतं, कारण मोठ्यानं सांगितलं की धाकट्यानं ऐकायचं, हे पट मांडण्याच्या आधीच ठरलेलं असतं.

आणि खरं तर यावरचं औषध आपल्या पत्त्यांच्या कॅटमध्ये कधीचं आहे. मेंढीकोट खेळताना समोर बसलेला भिडू आपलाच असतो, त्याचं जिंकणं तेच आपलं जिंकणं; पण हुकूम कुणाच्या हातात किती आहे, दहिली कुणाकडं आहे, हे बोलायचं नसतं. डोळ्यांनी खूण केली तर समोरचे डाव मोडतात. भिडूनं कोणती उतारी केली त्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचं. माझे वडील आणि काका मेंढीकोटला भिडू होते. रानातल्या कामावरून रोज भांडायचे, पण पत्ते हातात आले की एकमेकांवर सोडून द्यायचे. काकांनी पान टाकलं की वडील ते बघून फक्त मान हलवायचे. बोलता येत नव्हतं, म्हणूनच भिडूवर विश्वास टाकावा लागायचा.

परदेशातल्या रचनाकारांनीही याच वाटेनं उत्तर शोधलं. जर्मनीत १९७९ पासून दर वर्षी 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या उत्तम खेळाचा सन्मान देतात, आणि २०११ पासून जाणत्या खेळणाऱ्यांसाठीचा 'केनरश्पील देस यारेस' हा वेगळा सन्मानही. २०१३ मध्ये जाणत्यांचा सन्मान अँडॉरला मिळाला, आणि त्याच वर्षीचा मुख्य सन्मान मिळाला 'हनाबी'ला. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा हा पत्त्यांचा खेळही सहकारीच, पण त्यात आपले पत्ते आपण उलटे धरायचे. आपले सोडून बाकी सगळ्यांचे दिसतात, आणि सांगायला मोजके इशारे मिळतात. एकाच वर्षी दोन सहकारी खेळ मानाचे ठरले, एक तोंड मोकळं सोडणारा आणि दुसरा तोंड बांधणारा. पुढं २०२० मध्ये जाणत्यांचा सन्मान मिळालेला थॉमस झिंग यांचा 'द क्रू' तर सरळ हात करायचाच खेळ आहे, आपल्या मेंढीकोटच्या जवळचा. एका फेरीत आपल्या हातातल्या एकाच पत्त्याबद्दल खूण करता येते, बाकी गप्प. आर. एरिक रॉइस यांनी 'स्पिरिट आयलंड'मध्ये तिसरी वाट काढली. त्यात खेळणारे बेटाचे दैवी रक्षक असतात आणि वसाहत करायला आलेल्या परक्यांना हुसकावतात, पण प्रत्येकाच्या हातात इतकं असतं की दुसऱ्याच्या डावात नाक खुपसायला सवडच मिळत नाही.

अँडॉरनं यातलं काहीच केलेलं नाही. तो घरावर सोडून देतो. म्हणून आम्ही घरानं काही ठरवलं. मी एक २०० पानी वही घेतली आणि कथांचे पत्ते, पुढचं आधीच कळू नये म्हणून दोनदोन करून, रात्री मराठीत उतरवून काढले. वाचायचं काम पाळीनं. दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही. सल्ला मागितला तरच द्यायचा, आणि ऐकून झाल्यावर शेवटचा शब्द ज्याचा वीर त्याचा. लढाईचे फासे हातात असताना सगळ्यांनी गप्प. तिथं आम्ही मेंढीकोटच केला. पहिले दोन दिवस माझ्या जिभेवर शब्द येऊन परत जात होते. ते कठीण गेलं. शाळा उघडल्यावर फळ्यासमोर उभी असतानाही ते आठवलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मी एका मुलाचं चुकलेलं वाक्य तो स्वतः दुरुस्त करीपर्यंत थांबले.

खेळाचे बाकीचे दोषही सांगायला हवेत, कारण कुणी हजारो रुपये खर्चून तो मागवील. मांडायला वेळ लागतो. चकत्या, पत्ते, सोंगट्या लावता लावता अर्धा तास जातो, आणि गच्चीवर वारा सुटला की पत्ते उडतात. कथा मोजक्याच आहेत. त्यांतली एखादी एकदा उलगडली की ती गणितासारखी होते, उत्तर पाठ झालेल्या गणितासारखी. तिसऱ्या कथेत कामं दर वेळी बदलतात म्हणून ती टिकते. बाकीच्या दुसऱ्यांदा खेळताना पहिला थरार येत नाही. कल्पनेची गोष्ट म्हणूनही ती फार वेगळी नाही: राजा, किल्ला, बुटके, शेवटी ड्रॅगन. चित्रं नसती तर मी तिला साधारण म्हटलं असतं. आणि फाशांचा लहरीपणा आहेच. आठ तास जुळवून आणलेली चढाई एका एक्क्यावर कोसळते. मुलांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, मला वाटायचं.

तरी घ्यावा का, असं विचारलं तर मी हो म्हणते. ज्या घरात मोठं माणूस गप्प बसायला तयार आहे, त्या घरानं घ्यावा. मुलं आठ-नऊची असतील तर सोबत बसून. खोक्यावर वय दहा लिहिलंय, ते बरोबर आहे.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री आम्ही तीच दुसरी कथा पुन्हा मांडली. वही थोरल्याच्या मांडीवर होती. धाकटी निघाली ती थेट शेतकऱ्याकडं. कुणी काही म्हटलं नाही. दोन तास त्याच्यापर्यंत, पुढं किल्ल्याची वाट, सात तास संपले, आठवा, नववा. हिंमतीचे चार गुण गेले, पण शेतकरी किल्ल्यात पोचला. त्याच्या ढालीवर एक राक्षस अडला, आणि त्यामुळं आम्हाला एक दिवस जास्त मिळाला. पण बुरुजाशी आम्ही तिघंच होतो, स्क्राल मेला नाही, निवेदक 'एन'वर गेला. हरलो. साडेअकरा वाजले होते, वारा थोडा गार झाला होता, आणि कुणी उठत नव्हतं.

धाकटीनं विचारलं, "दादा, कथा हरली तर शेतकऱ्याचं काय होतं?"

भाच्यानं नियमांचं पुस्तक काढलं, दिव्याजवळ धरून चाळलं. "असं काही लिहिलेलं नाही."

सासूबाईंनी वातींचं ताट बाजूला सारलं. "किल्ल्यात पोचलाय ना? मग हाय की जित्ता."

धाकटीनं थोरल्याच्या मांडीवरची वही ओढून घेतली आणि त्या कथेच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिलं: शेतकरी – जिवंत.